मदत हवी आहे : भावाला कुठे अ‍ॅडमिट करू? तातडीने

लालबागकर_७७
धाकटा भाऊ, वय २६. परवापासून नशा बंद केलीय, घरीच आहे. अंग मोडतंय, नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या, झोप नाही. अ‍ॅडमिट व्हायला तयार नाही. परळच्या आसपास स्वस्तात कुठे घेतात? लवकर सांगा.

शिवडीकर
काय बंद केलंय? दारू, गर्द (ब्राउन शुगर), एमडी (मेफेड्रोन)? प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

लालबागकर_७७
गर्द. पन्नीवर ओढतो, सुई नाही.

शिवडीकर
मग टर्की लागलीय, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास. ८-१२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर, आठवड्यात ओसरते. सहसा जिवावर बेतत नाही, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी आटतं ते बेततं. ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यात, घोट घोट पाजा. तेही उलटून पडत असेल, लघवी होत नसेल तर सलाइनला न्या. केईएमच्या मानसोपचार विभागात व्यसनमुक्तीचे उपचार होतात.

विनायक_बोरिवली
व्यसनमुक्ती केंद्रच गाठा : वांद्र्याची कृपा, नाहीतर सरळ पुण्याचं मुक्तांगण. दोस्तमंडळींपासून लांब काढल्याशिवाय काही खरं नाही.

माई_गिरगाव
जेवणात गुपचूप घालायची पावडर मिळते. कळतही नाही.

निशाचर
माई, नको. असल्या पावडरीत डायसल्फिराम असेल तर त्याचा गर्दवर काडीचा उपयोग नाही. ते दारूसाठी, आणि नकळत देऊन वर माणूस प्यायला तर बीपी कोसळतो.
धागाकर्ते, सोबत बटन (झोपेच्या गोळ्या) घेतो का?

लालबागकर_७७
हो, नायट्रा. रोज पाच-सहा. त्याही परवाच बंद. त्या पण धरायच्या का?

निशाचर
त्याच आधी धरायच्या! नायट्राझेपाम एकदम तोडली की फिट येऊ शकते. गोळी अंगात रेंगाळते, त्यामुळे फिट चार-पाच दिवसांनीही येते. टर्की ओसरली म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमकी तेव्हा. घरी ठेवू नका, आत्ताच कॅज्युअल्टी गाठा. गर्द आणि गोळ्या दोन्ही सांगा, शेवटची कधी घेतली तेही. रिकामी स्ट्रिप सोबत न्या. तिथे गोळ्यांचा डोस हळूहळू उतरवतात.

विनायक_बोरिवली
तिथे गर्दऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू करतील. म्हणजे एक नशा सोडवायला दुसरी!

निशाचर
टर्की नीट लागल्यावरच देतात, आधी दिली तर उलट भडकते. नायट्रासोबत श्वास मंदावतो, म्हणून देखरेखीत. औषधाविना नुसतं कोरडं काढून घरी धाडलं तर अंगाची सवय उतरलेली असते. पुन्हा जुन्याच मात्रेने ओढलं की श्वास थांबतो. ते जास्त वाईट.

मसुदेकर
कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये संरक्षण आहे. तो अडूनच बसला तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ८९ : नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणाऱ्याचा) अर्ज, दोघांची स्वतंत्र तपासणी (एक मानसोपचारतज्ज्ञ), स्वतःला किंवा इतरांना धोका असल्याचं मत, मग ३० दिवसांपर्यंत. हातपाय बांधून कुठल्या खासगी 'सेंटर'ला देऊ नका.

लालबागकर_७७
स्ट्रिप सापडली, १० मिग्रॅ. त्याचं आधार कार्ड सापडत नाहीये, चालेल का?

निशाचर
कॅज्युअल्टीत त्यासाठी अडत नाही. चालत नेऊ नका, टॅक्सी करा.

माई_गिरगाव
आणि लिंबूपाणी द्या.