जपानी शिकताना कांजी हातानं लिहायलाच हवीत का?

शाईपेन:
मी मोठ्या माणसांना जपानी शिकवते. आता वर्गात अर्ध्या जणांनी वही आणणंच सोडलंय, 'सगळं फोनवरच टाइप करायचंय ना!' मला हे पटत नाही. कांजी म्हणजे जपानी लिपीतली चिनी मूळची चिन्हं; त्यांतली पहिली तीनशे तरी गिरवायलाच हवीत. 'थांबणे' आणि 'धरणे' घ्या. उजवा भाग दोन्हींत एकच, 'मंदिर'चा. फरक फक्त डावीकडे. 'धरणे'मध्ये तिथे 'हात' असतो. तो हात ज्यानं स्वतः काढलाय तो सहसा चुकत नाही. नुसतं बघणारे महिनोन्‌महिने गोंधळतात.

उशिरा_शिकलेला:
साफ असहमत. नित्य वापराच्या कांजींची सरकारी यादी २०१० पासून २१३६ चिन्हांची आहे. नोकरी सांभाळून गिरवायचं कधी? याच गिरवण्यापायी मी एकदा जपानी सोडली होती. परत आलो ते शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दाखवणाऱ्या अ‍ॅपमुळे. आज बातम्या वाचतो, कामाच्या मेल लिहितो. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतही अगदी एन-१ या सर्वांत वरच्या पातळीपर्यंत लेखन नाही, सगळे पर्यायी प्रश्न.

शाईपेन:
परीक्षेत लेखन नाही हा परीक्षेचा दोष. आणि मेलचं म्हणाल तर रोमन अक्षरांत 'हाशी' टाइप केलं की पूल, टोक, जेवणाच्या काड्या अशी वेगवेगळी चिन्हं समोर येतात. निवडायचं तुम्हालाच.

उशिरा_शिकलेला:
निवडायला ओळख पुरते. टाइप करायच्या सवयीमुळे कितीतरी जपानी लोकांनाही हातानं लिहिताना चिन्हं आठवत नाहीत. त्यांना निरक्षर म्हणाल का?

दुभाषी:
तुम्ही दोघं पेन आणि कीबोर्डवर अडलात. माझे विद्यार्थी टाइपसुद्धा करत नाहीत, उतारा थेट भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकतात. जपानीत कर्ता बऱ्याचदा गाळतात, क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत 'आला' की 'आली' हे ठरवावंच लागतं. अ‍ॅप अंदाजानं 'आला' लिहून मोकळं होतं. उताऱ्यात दोन ओळी आधी आजीचा उल्लेख असतो, तरी विद्यार्थ्याला शंका येत नाही. म्हणून मी आता अ‍ॅपचं भाषांतर स्वतःच वाटते आणि मूळ उताऱ्याशी ताडून चुका शोधायला लावते. मूळ कोणी वाचलंय ते दहा मिनिटांत कळतं.

शाईपेन:
हे मी नक्की करून बघेन. पण चुका आधी कोणाला सापडतात, वहीवाल्यांना ना?

दुभाषी:
भरपूर वाचणाऱ्यांना. त्यांतले काही वहीवाले आहेत, काही नाहीत.

शाईपेन:
मग तीनशेचं शंभरावर आणते. वही मात्र सोडायला लावणार नाही.