जुन्या रिव्हॉल्वरचा योग्य भाव 'विकल्या गेलेल्या' किमतीवरून ठरतो का?

जुनंलोखंड:
अमेरिकेत जुनी रिव्हॉल्वरं ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी धागा काढतोय, भांडा मनसोक्त. परवा एका नव्या माणसाने विचारलं की स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९-३ आहे, चार इंची बॅरलचं, निळं (म्हणजे पोलादावर निळसर फिनिश), डब्यासकट, विक्रेता १,४०० डॉलर म्हणतोय, घेऊ का. जवळपास सगळ्यांचं एकच उत्तर, गनब्रोकर या बंदुकांच्या ऑनलाइन लिलाव साइटवर संपलेले लिलाव बघ, जो आकडा दिसेल तोच भाव. मला हे अजिबात पटत नाही. तो आकडा एका विशिष्ट नगाला त्या दिवशी मिळालेला आहे, तुमच्या समोरच्या नगाला नाही. १९-३ म्हणजे १९६७ ते १९७७ मधला माल, या दहा वर्षांतला एक नग कपाटात कापडात गुंडाळून राहिला आणि दुसरा रोज पोलिसाच्या कमरेला घासला गेला, यादीत मात्र दोन्हींचं नाव तेच. त्यात कोणीतरी मधेच पॉलिश करून नवं निळं चढवलेलं असेल तर फोटोत ते उलट जास्तच चकचकीत दिसतं आणि नवखा माणूस त्याचेच जास्त पैसे मोजतो!

हिशेबी_माणूस:
साहेब, मग भाव ठरवायचा कशावरून? तुमच्या नजरेवरून? एकाने पैसे दिले, दुसऱ्याने घेतले, हा एकमेव पुरावा आहे, बाकी सगळी मतं. बंदुकांच्या किमतींचं छापील पुस्तक, ब्लू बुक, वर्षातून एकदा निघतं, बाजार तोवर पुढे गेलेला असतो, आणि त्यातली ९५ टक्के, ९८ टक्के ही कंडिशन (मूळ फिनिश किती उरलंय ते) ठरवणार कोण, तर विकणाराच. मी सहा-आठ महिन्यांचे विकले गेलेले नग काढतो, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून देतो, उरलेल्यांचे फोटो उघडून समोरच्या नगाशी ताडून बघतो, झालं. फक्त एक बघा, संपलेला लिलाव म्हणजे विकलेला नव्हे. एकही बोली न लागता संपलेलेही त्याच यादीत असतात, आणि लोक तेच आकडे छातीठोकपणे इथे चिकटवतात.

आणि वरचा खर्च कोणी धरतच नाही राव. शिपिंग, आपल्या राज्यातल्या लायसन्सवाल्या डीलरची ट्रान्सफर फी, टॅक्स, कार्ड वापरलं तर तीनेक टक्के. १,४०० म्हणता म्हणता १,५५० कधी होतात कळत नाही. मोठ्या लिलावगृहातून घेतलं तर बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन, वेगळा, तो तर हातोड्याच्या किमतीवर चढतो.

जुनंलोखंड:
खर्चाचं मान्य. पण दोन हट्टी माणसं एकमेकांना भिडली की काय होतं ते तुम्हीही बघितलंय. गनब्रोकरवर शेवटच्या मिनिटात बोली लागली की वेळ वाढते, पंधरा मिनिटं कोणीच बोली लावली नाही तरच लिलाव संपतो, त्यामुळे कुरघोडी चालूच राहते. अशा रात्री जो आकडा बनतो तो बाजारभाव कसा? तो त्या दोघांचा इगो.

कोल्टवेडा:
इगो असला तरी खिशातून खरे डॉलर गेले ना. माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही दोघंही भावावर भांडताय आणि अस्सलपणावर कोणी बोलतच नाही. स्मिथचा हॅमर आणि ट्रिगर केस हार्डन (वरचा थर कडक) केलेला असतो, त्यावर राखाडी-तपकिरी ढगांसारखी छटा असते. तो हॅमर निकेलने चमकत असेल किंवा फ्रेमसारखाच निळा असेल तर बाहेर कुठेतरी काम झालंय, विक्रेता काहीही म्हणो. मग फ्रेमच्या बाजूच्या झाकणाची, साइड प्लेटची, फट बघा, कारखान्यातून आलेल्या नगावर ती जवळजवळ दिसत नाही, बफ मारला की कडा गोल होतात आणि रेघ उठून दिसते. स्क्रूच्या भोकाभोवती खड्डा पडल्यासारखं दिसतं, बॅरलवरची अक्षरं पुसट होतात. एवढं फोटोत दिसलं की ओरिजिनलचा भाव विसरायचा.

आता कोल्टचं उलट उदाहरण देतो, म्हणजे नियम पाठ करणाऱ्यांची गोची कळेल. सिंगल अॅक्शन आर्मी, १८७३ चं डिझाइन. सगळे म्हणतात वेगवेगळ्या भागांवरचे सिरीयल नंबर जुळले पाहिजेत. पण लष्कराने साडेसात इंची बॅरलं साडेपाच इंचावर कापून परत जुळवलेली जी आर्टिलरी मॉडेलं आहेत, त्यात भाग एकमेकांत मिसळलेले असतात, नंबर वेगवेगळे असणं हेच तिथे नॉर्मल. तिथे सगळे नंबर जुळले तर उलट भुवया वर जातात.

आडवा_प्रश्न:
हे सगळं संग्राहकांचं कौतुक झालं, ज्याला रेंजवर चालवायचंय त्याचं काय? मला री-ब्लू केलेलं, म्हणजे नवं निळं चढवलेलं, मॉडेल १९ चाळीस टक्के कमी दरात मिळत असेल तर मी ते आनंदाने घेईन, अस्सलपणाचा प्रीमियम तुम्ही भरा. माझा योग्य भाव मेकॅनिक्सवर ठरतो. हॅमर हळूहळू ओढा, सिलिंडरला बोटाने किंचित अडवा, घोडा चढेपर्यंत सिलिंडर पूर्ण जागेवर येऊन लॉक होतंय का? मागे-पुढे किती हलतंय? बॅरलच्या मागच्या टोकाला, फोर्सिंग कोनला, खालच्या बाजूला तडा तर नाही? मॉडेल १९ चा तो दुखरा भाग आहे, हलक्या १२५ ग्रेनच्या मॅग्नम गोळ्या भरपूर मारल्या की तिथे तडकतं. यातलं काहीही त्या यादीत नसतं, आणि ऑनलाइन हात लावता येत नाही म्हणून व्हिडिओ मागायचा. दिला नाही तर सोडून द्यायचं, माल अजून भरपूर आहे.

हिशेबी_माणूस:
@आडवा_प्रश्न बरोबर, पण हे भाव ठरवणं नाही, हे घ्यायचं की नाही ठरवणं आहे. तडकलेल्या नगाचा भाव काढत बसायचं कशाला.

आडवा_प्रश्न:
तडा वेगळा. टायमिंग, म्हणजे सिलिंडर वेळेवर जागेवर येणं, बिघडलेलं असेल तर दुरुस्तीचा खर्च वजा करून घेता येतंच की. जुन्या कोल्ट पायथन रिव्हॉल्वरवर तर हे रोजचं आहे आणि ते दुरुस्त करणारे कारागीर आता शोधावे लागतात, त्याची रांग आणि बिल दोन्ही मोठं.

धोपटमार्गी:
पायथनचं नाव निघालंच आहे तर... १९५५ मध्ये आलं, कोल्टने बंद केलं, टीव्हीवरच्या एका मालिकेत नायकाच्या कमरेला दिसलं आणि लोक वेडे झाले. २०२० मध्ये कोल्टने नवं आणलं, यादीतली किंमत १,४९९ डॉलर. तेव्हा सगळे म्हणत होते जुन्याचे भाव कोसळणार. ज्यांना चालवायचं होतं त्यांनी नवं घेतलं, ज्यांना ते जुनं रॉयल ब्लू फिनिश हवं होतं ते हटले नाहीत. म्हणजे एकाच नावाच्या वस्तूला दोन वेगळे बाजार आहेत, आणि हिशेबी म्हणतात ती सरासरी दोघांना मिसळून काढली तर दोघांसाठीही चुकीची.

आणखी एक, गोष्टींचे पैसे देऊ नका. शेरीफ पॅट गॅरेटने कुप्रसिद्ध गुंड बिली द किडला मारलं ते कोल्ट २०२१ मध्ये ६० लाख डॉलरवर गेलं, तेव्हापासून आजोबांच्या शेरीफ मित्राच्या रिव्हॉल्वरची पत्रं घेऊन फिरणारे वाढलेत असं माझं निरीक्षण आहे. कागद नसेल तर गोष्ट फुकट ऐकावी.

कोल्टवेडा:
कागद म्हणजे फॅक्टरी लेटर म्हणताय ना? त्यावरही डोळे झाकून विसंबू नका. लेटर सांगतं की हा नंबर अमुक दिवशी, अमुक फिनिशमध्ये, अमुक दुकानाला पाठवला. पुढच्या साठ वर्षांत त्याचं काय झालं याचा त्यात एक शब्द नसतो. लेटरमध्ये निकेल आणि हातात निळं, असं असेल तर लेटर तुमच्या विरुद्धच साक्ष देतंय. विक्रेता फक्त 'लेटर आहे' लिहितो आणि त्यातला मजकूर दाखवत नाही तेव्हा मी पुढे जातो.

नवशिक्या_नेम:
तो १,४०० वाला प्रश्न माझाच होता :) सगळं वाचलं, डोकं गरगरलं. मी विक्रेत्याकडे तीन फोटो मागितले होते. हॅमर जवळून, सिलिंडर उघडून आतल्या खाचेतला मॉडेल नंबर, आणि डब्याचा तळ. हॅमर ठीक वाटला, खाचेत १९-३ आहे. पण डब्याच्या तळाला ग्रीस पेन्सिलने लिहिलेला नंबर बटवरच्या (मुठीच्या तळाच्या) के-नंबरशी, म्हणजे के अक्षराच्या सिरीयल नंबरशी, जुळत नाही. विचारल्यावर म्हणाला डबा 'त्याच काळातला' आहे आणि १,२०० ला देतो.

जुनंलोखंड:
बघा! रिकामे डबे वेगळे विकले जातात, कुठलाही डबा कुठल्याही नगाला लावतात. यादीतला 'डब्यासकट' आकडा घेऊन बसला असतात तर दोनशे डॉलर पुठ्ठ्याला गेले असते.

हिशेबी_माणूस:
आणि १,२०० बरोबर की नाही हे आता कसं ठरवणार? बिनडब्याच्या १९-३ चे विकलेले आकडे काढूनच ना?

जुनंलोखंड:
आकडे काढा हो, नको कोण म्हणतंय. पण आधी हॅमर बघितला, मग डबा, मग आकडा. हा क्रम मी पहिल्यापासून सांगतोय.

आडवा_प्रश्न:
व्हिडिओ मागितला का पण? टायमिंगचं अजून कोणीच विचारलं नाही त्याला.

नवशिक्या_नेम:
मागितलाय, उद्या पाठवतो म्हणाला. आणि हा नग पन्नास वर्षांच्या वरचा निघाला तर संग्राहकांच्या लायसन्सवर थेट घरी येतो असं ऐकलं, खरं का?

धोपटमार्गी:
मूळ स्थितीत असेल आणि पन्नास पूर्ण झाली असतील तर हो, टाइप ०३ लायसन्स, तीन वर्षांचे ३० डॉलर, ट्रान्सफर फी दोन-चारदा वाचली की वसूल. मात्र तुमच्या राज्याचा कायदा आधी बघा, काही राज्यं हे चालवून घेत नाहीत. आणि १९७७ च्या आसपासचा असेल तर तारीख नीट काढा, अंदाजाने नको.

हिशेबी_माणूस:
बिनडब्याचे पाच विकलेले नग काढलेत, फोटोंसकट टाकतो थोड्या वेळाने. त्यातल्या एकाचा हॅमर मला संशयास्पद वाटतोय, कोल्टवेडा, तुम्ही बघून सांगा, म्हणजे तो हिशेबातून काढून टाकतो.