ऑफिसात, शेजारी विश्वासाविषयी कसं बोलावं?

ठाणेकर
नमस्कार. डब्याच्या वेळी सहकारी विचारतात, "तुम्ही रविवारी चर्चमध्ये नेमकं काय करता? येशूला का मानता?" उत्तर द्यायचं असतं, पण एकतर गुळमुळीत होतं नाहीतर प्रवचन. एकाने वाचायलाही काही मागितलं आहे. त्याला काय द्यावं? आणि कोणी आजारी असेल तर प्रार्थनेबद्दल विचारणं योग्य आहे का?

नगरकर
जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, दोन-तीन मिनिटांत. चर्चबद्दल विचारलं तर गीतं, शास्त्रवाचन, संदेश, प्रार्थना, महिन्यातून एकदा किंवा दर रविवारी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं), असं सरळ सांगा. "का मानता" याचं उत्तर मात्र येशूपासून सुरू करा, मंडळीपासून (म्हणजे आपल्या चर्चपासून) नको. त्याने काय केलं, काय सांगितलं आणि त्यामुळे तुमच्या वागण्यात काय बदललं, एवढं पुरे. "तारण", "अभिषेक", "रक्ताने धुतलेला" ही मंडळीतली भाषा बाहेरच्याला कळत नाही, आणि तो भिडेपोटी अर्थ विचारत नाही. संभाषण बहुतेकदा तिथेच बंद पडतं.

दुसऱ्याच्या देवाशी तुलना करू नका. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) उत्तर द्यायला तयार राहा असं म्हटलंय, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या हेही त्याच वचनात आहे. लोक पहिला भाग पाठ करतात, दुसरा विसरतात.

वसईकर
वाचायला अख्खं बायबल हातात देऊ नका. माणूस उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करतो आणि लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतो. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा एक वृत्तांत, द्या. १६ अध्याय आहेत, आठवड्याला चार वाचले तर महिन्यात संपतं. त्याआधी चव घ्यायची असेल तर लूक १५:११-३२, उधळ्या पुत्राचा दाखला. बाप, दोन भाऊ, वाटणी, हे आपल्या घरांत समजावून सांगावं लागत नाही. थोरल्या मुलावर थांबा, चर्चा तिथेच रंगते. चर्चबाहेरच्या वाचकाला जुनं भाषांतर जड जातं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' त्याला सोपं जाईल.

ख्रिस्ती कवी ना. वा. तिलकांचे अभंगही द्या. त्यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मराठी कानाला ख्रिस्त परका वाटू नये ही त्यांची तळमळ आजही उपयोगी पडते.

नगरकर
आजाऱ्याबद्दल: आधी विचारा, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?" नको म्हटलं तर विषय संपला. हो म्हटलं तर अर्ध्या मिनिटाची, साध्या मराठीत, आवाज न चढवता. डोक्यावर हात न विचारता ठेवू नका. बरं होण्याची हमी कधीच देऊ नका, आणि औषध बंद करायला चुकूनही सांगू नका. मग चार दिवसांनी फोन करून तब्येत विचारा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि मग प्रार्थना हे निमित्त होतं असं वाटतं.

हाताखालच्या माणसाशी आपणहून विषय काढू नका, त्याला नाही म्हणता येत नाही. लहान मुलांशी पालकांच्या नकळत नको. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वचनं टाकणं तर नकोच.

ठाणेकर
मनापासून आभार. कायद्याचं काय? आणि "सगळे धर्म सारखेच" म्हटलं तर?

वसईकर
घटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे शिकवण समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणून मदत आणि संदेश यांची गाठ कधी मारू नका. फी भरली, धान्य दिलं, तर त्याच भेटीत पुस्तक देऊ नका.

"सारखेच" म्हणणारा बहुतेकदा भांडण टाळत असतो. वाद न घालता विचारा, "तुम्हाला कशात सारखेपणा दिसतो?" नीट ऐका. मग वधस्तंभावरून येशूने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली तो प्रसंग (लूक २३:३४) सांगा आणि त्यावर त्याला काय वाटतं ते बोलू द्या.