शब्दचर्चा: कॉयर, घुमारा आणि ‘वाजत येणे’

प्रश्न: एका कार्यक्रमाच्या माहितीपत्रकासाठी मराठी मजकूर लिहिते आहे. ओजिब्वे भाषेतल्या कविता, त्या गाणारा कॉयर आणि जोडीला संगणकावर घडवलेले ध्वनी. ‘समूहगीत व इलेक्ट्रॉनिक नाद’ हे शब्द चालतील का?

प्रतिसाद: समूहगीत नको. तो शब्द ऐकला की शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी एकाच चालीत म्हटलेलं गाणं आठवतं. कॉयरमध्ये उंच-खालचे गट एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गातात. ‘बहुस्वरी वृंदगान’ म्हणता येईल, पण मी सरळ ‘कॉयर’च ठेवीन. गोव्यात चर्चमुळे तो घरोघरी माहीत आहे.

प्रतिसाद: ‘नाद’बद्दल थोडं. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात आहत (आघातातून निघणारा) आणि अनाहत (आघाताशिवायचा) असे नादाचे दोन प्रकार आहेत. हा सगळा संदर्भ ‘नाद’ सोबत घेऊन येतो. तुम्हाला तो नको असेल तर ‘ध्वनी’ बरा. आणि रिव्हर्बला, म्हणजे बंद जागेत आवाज रेंगाळत राहण्याला, ‘प्रतिध्वनी’ अजिबात लिहू नका. प्रतिध्वनी म्हणजे आवाज सुटा परत येणं. देवळाच्या गाभाऱ्यात आवाज रेंगाळतो त्याला आपल्याकडे ‘घुमारा’ हा नेमका शब्द आहे.

प्रतिसाद: मला या प्रश्नात कवितेची भाषा सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओजिब्वे ही उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांभोवतीच्या लोकांची भाषा. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात आणि भाषेला अनिशिनाबेमोविन. तिचा सारा भर क्रियापदांवर. ‘बीद्वेवे’ म्हणजे आवाज करत जवळ येणं, ‘बिम्वेवे’ म्हणजे आवाज करत जात राहणं, ‘अनिम्वेवे’ म्हणजे आवाज करत दूर जाणं. ‘वेवे’ हा आवाजाचा अंश, आणि त्याच्या आधीचा तुकडा दिशा सांगतो.

जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट (1800–1842) या सुपीरियर सरोवराजवळच्या सू सेंट मारी गावच्या कवयित्री. आई ओजिब्वे, वडील आयरिश. 1839 मध्ये मुलांना दूर पूर्वेकडच्या शाळेत ठेवून परतताना त्यांनी ओजिब्वेत कविता रचली. त्यांचं ओजिब्वे नाव बामेवावागेझिकाक्वे. त्याचा अर्थ साधारण ‘आकाशातून तारे आवाज करत जातात, त्या आवाजाची स्त्री’ असा सांगतात. त्या नावातही हाच अंश ‘वावा’ या रूपात आहे.

आता गंमत बघा. सभागृहात चारी बाजूंना स्पीकर मांडून आवाज एका टोकाकडून दुसरीकडे नेता येतो, तेव्हा ही क्रियापदं कानांनी अनुभवता येतात. गायिकेने ‘बीद्वेवे’ म्हणावं आणि तिचाच आवाज मागून पुढे सरकत यावा! याला ‘ध्वनीचे स्थानांतरण’ लिहिलंत तर जीवच जाईल.

प्रश्नकर्ती: मग काय लिहू? ‘आवाज येतो’?

प्रतिसाद: ‘आवाज येतो’मध्ये आवाज कानावर पडतो, पण आवाज करणारा जागचा हलेलच असं नाही. आपला गणपती मात्र वाजतगाजत येतो, वाजतगाजत जातो. म्हणून ‘वाजत येणे’, ‘वाजत जाणे’, ‘वाजत दूर जाणे’. माणसाचा गळा आहे म्हणून ‘वाजत’ खटकलं तर ‘घुमत’ घ्या: घुमत येतो, घुमत जातो, घुमत दूर जातो.

प्रश्नकर्ती: ‘घुमत’ घेते. वाक्य असं केलंय: ‘ओजिब्वे कवितेचे शब्द कॉयरच्या गळ्यातून निघतात आणि संगणकाच्या आधाराने सभागृहात घुमत येतात, घुमत दूर जातात.’

प्रतिसाद: छान. फक्त ‘संगणकाच्या आधाराने’ काढा, ते वरच्या ओळीत सांगून झालं असेल.