४० हजारांत गेमिंग डेस्कटॉप: पॉवर सप्लाय किती वॉटचा घ्यावा?

परभणीत धाकट्या भावासाठी ४० हजार रुपयांपर्यंतचा डेस्कटॉप जुळवायचा असून मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस घरी आहेत. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ हे गेम अडखळू नयेत, एवढीच अपेक्षा आहे. येथील एका दुकानदाराने तिसऱ्या पिढीचा जुना आय५ प्रोसेसर आणि जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड सुचवले. ते मला पटले नाही. त्याऐवजी अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक (१६ जीबीची एकच घेतल्यास अंगभूत ग्राफिक्स मंदावते) आणि ५०० जीबी एसएसडी असा विचार आहे. वीज वारंवार जात असल्याने यूपीएसचा खर्चही याच रकमेत धरावा लागेल. सध्या अंगभूत ग्राफिक्सवर भागवून वर्षभराने मध्यम क्षमतेचे कार्ड बसवायचे असेल, तर पॉवर सप्लाय आणि त्याला पेलणारा यूपीएस आत्ताच किती क्षमतेचे घ्यावेत?