अँड्रॉइड ९ चा जुना फोन की अँड्रॉइड १५ चा नवा? आंब्याच्या धंद्याला कुठला ठेवू?

कुणकेश्वरचा बागायतदार:
मंडळी, देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, शिवाय घरच्याच दोन खोल्या पर्यटकांना देतो. माझा फोन अँड्रॉइड ९ वर अडकलाय, कंपनीने पुढचं अपडेट दिलंच नाही. ठाण्याहून मुलगा अँड्रॉइड १५ चा फोन घेऊन आला. म्हणाला, "बाबा, तो डबा आता ठेवा बाजूला." पण डबा मस्त चालतोय हो! पेट्या भरताना चिकाच्या हातांनी उचलला तरी कुरकुर नाही. नव्यात मात्र सौ.ला मागे जायचं बटणच सापडेना. बिलाच्या ब्लूटूथ प्रिंटरचं ॲप विक्रेत्याने फाईल पाठवून टाकून दिलं होतं, ते इन्स्टॉल होत नाही. आणि खोलीचं बुकिंग आलं तरी फोन गप्प. पाहुणे बॅगा घेऊन अंगणात आले तेव्हा कळलं. सीझन तोंडावर आलाय. 'नवा तो नवा' एवढंच सांगू नका, कामाचं बोला.

मालवणी झील:
काकानू, जुनो चलता तोवर चलवा. नव्यात नुसती रंगरंगोटी. माझो अजून अँड्रॉइड ८ आसा, काय एक बिघडूक नाय.

कुडाळचा मोबाईलवाला:
झिला, बिघडत नाही हे खरं, पण तो आतून उघडा पडलाय. अँड्रॉइड ९ आला २०१८ मध्ये, त्याला सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट, येणं कधीच थांबलंय. इंटरनेट बघायच्या क्रोम ॲपचंच बघा: अँड्रॉइड ८ आणि ९ साठी १३८ ही शेवटची आवृत्ती. पुढे सापडणारी भोकं त्या फोनवर बुजणार नाहीत. बँकांची ॲप्सही एकेक करून जुन्या अँड्रॉइडला नाही म्हणतात, आणि तेही नेमकं पेट्या रवाना करायच्या दिवशी कळतं. माझ्या काउंटरवर दर एप्रिलला हेच रडगाणं.

काका, तुमचं ॲप का बसत नाही ते सांगतो. अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या पद्धतीने बनवलेली ॲप्स फोन मुद्दामच नाकारतो, १५ मध्ये ती अट आणखी वर नेली. कारण सरळ आहे: अँड्रॉइड ६ च्या आधीच्या पद्धतीचं ॲप इन्स्टॉल करतानाच सगळ्या परवानग्या एकदम घ्यायचं, नंतर विचारायचं नाही. चोरट्या ॲप्सना तीच पळवाट सोयीची. विक्रेत्याकडे नवी आवृत्ती मागा. ती टाकल्यावर 'जवळची डिव्हाइस' अशी परवानगी मागेल, ती द्या. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी ती वेगळी लागते. नाही म्हटलंत की प्रिंटर समोर असून सापडत नाही. नवी आवृत्ती नसेलच, तर प्रिंटर जुन्या फोनवरच राहू द्या, छपाईला इंटरनेट कशाला हवं?

मागचं बटण: सेटिंगमध्ये 'नॅव्हिगेशन' शोधा, तीन बटणांचा पर्याय अजून आहे. वहिनींना तेवढं करून द्या, अर्धी भांडणं मिटतील.

वेंगुर्ल्याची ताई:
बुकिंग न वाजण्याचं मी सांगते, आमच्याकडेही पाहुणे असतात. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक नवं ॲप 'सूचना पाठवू का?' असं विचारतं. घाईत 'नको' दाबलं गेलं की ते कायमचं मुकं. ॲपच्या नावावर बोट दाबून धरा, माहितीत जा, सूचना चालू करा. तिथेच बॅटरीच्या पर्यायात 'अनिर्बंध' निवडा, नाहीतर बॅटरी वाचवायला फोन त्याला मागच्या मागे झोपवतो.

मला नव्यातलं आवडलं ते वेगळंच. एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. सासूबाई फोन हाताळतात म्हणून बाकी सगळं मराठी, पण बुकिंगचं ॲप इंग्रजी, कारण त्याचं मराठी वाचून मलाच घाम फुटतो.

कुणकेश्वरचा बागायतदार:
ताई, सूचना वाजली! आता गिऱ्हाइकांचे चॅट आणि यूपीआय राहिलं. आमच्याकडे रेंज फक्त पडवीत, गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपमधून सगळं उतरवायला रात्र जाईल.

कुडाळचा मोबाईलवाला:
ड्राइव्ह नकोच. दोन्ही फोन शेजारी ठेवा, वायफाय चालू करा. जुन्या फोनच्या व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चॅट ट्रान्सफर' आहे. नव्यावर दिसणारा क्यूआर स्कॅन केला की फोटोंसकट सगळं थेट जातं. मग जुना फोन त्याच व्हॉट्सॲपला जोडलेलं डिव्हाइस म्हणून लावा, म्हणजे बागेतला गडी तिथूनही ऑर्डर बघेल. नवा फोन मात्र मधूनमधून उघडत राहा. १४ दिवस मुख्य फोन वापरला नाही तर जोडलेले आपोआप बाहेर पडतात.

यूपीआयसाठी बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनात हवं, ॲप त्याच सिमवरून एक एसएमएस पाठवून खात्री करतं. ते पडवीतच करा, आणि जमलं की जुन्यातलं बँकेचं ॲप काढून टाका.

जुना फोन प्रिंटरपाशी कायम चार्जरला लावून ठेवू नका. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय समजा. दाबू नका, टोचू नका, बंद करून घेऊन या.