शब्दचर्चा : टर्ब्युलन्सला ‘खळबळ’ म्हणावं का?

प्रश्न : नळीतून वाहणाऱ्या हवेतला टर्ब्युलन्स, म्हणजे तिचं अनियमित घुसळणं, तापलेल्या तारेने कसा मोजतात, यावर मराठीत लिहिते आहे. कोशांत ‘संक्षोभ’, ‘प्रक्षोभ’ सापडतात. मला ‘खळबळ’ जवळचा वाटतो. चालेल?

उत्तर १ : नको. खळबळ माजते आणि शमते. नळीतला वेग टिकून राहिला तर हा प्रकार शमत नाही. ‘प्रक्षोभ’ तर मुळीच नको, त्याला रागाचा वास आहे. प्रक्षोभक भाषण आठवा. ‘संक्षोभ’मध्ये क्षुभ् धातूचं ढवळणं आहे, राग जवळजवळ नाही.

इंग्रजीलाही हा शब्द लगेच सापडला नव्हता. १८८३ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या अभियंत्यानं मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी होता तोवर धार दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढवताच पुढे एका ठिकाणी ती विस्कटली आणि रंग नळीभर झाला. त्यानं त्या प्रवाहाला ‘सिन्युअस’, म्हणजे नागमोडी म्हटलं. ‘टर्ब्युलन्स’ हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ केल्विननं १८८७ मध्ये वापरला.

उत्तर २ : ‘संक्षोभ’ला माझंही मत. पण खरी अडचण पुढच्या शब्दाची आहे, ‘टर्ब्युलन्स इंटेन्सिटी’ची. मी तापलेल्या तारेचे प्रोब, म्हणजे हवेत धरायची मोजणीची टोकं, रोज हाताळतो. टंगस्टनची तार, जाडी साधारण ५ मायक्रॉन, लांबी मिलिमीटरभर, दोन सुयांच्या टोकांवर ताणलेली. उजेडात तिरपी धरली तरच दिसते. बोट लागलं की गेली. सर्किट तिचं तापमान २०० अंशांच्या वर स्थिर ठेवतं. हवेचा झोत वाढला की तार जास्त उष्णता गमावते, मग सर्किट जास्त करंट देतं. त्यावरून वेग काढतात.

पडद्यावरची वेगाची रेघ सरासरीच्या वर-खाली सतत थरथरते. या ‘चढउतारां’चं वर्गमध्यमूळ (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) भागिले सरासरी वेग, म्हणजे ती ‘इंटेन्सिटी’. नळीच्या मध्यावर ती शेकडा तीन-चार भरते, भिंतीकडे वाढते. ‘तीव्रता’ म्हटलं की वाचणाऱ्याला जोर वाटतो. हा तर भागाकार आहे! म्हणून ‘संक्षोभ-प्रमाण’ लिहा.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि तार ‘तप्त’ की ‘गरम’?

उत्तर २ : शीर्षकात ‘तप्त तार’ शोभेल. आमच्याकडे मात्र “तार तापली का?” असंच विचारतात, आणि तुटली की “तार उडाली”. मजकुरात तेच ठेवा. फक्त उपकरणाला ‘पवनवेगमापक’ म्हणू नका. गच्चीवरच्या फिरत्या वाट्या डोळ्यांसमोर येतात. ‘तप्ततार वेगमापक’ पुरे.